बांधायची नाही ती दोरी

नावेत पहिल्यांदा एकटी बसले त्या सकाळी मी आधी काठावर ओकले. मग चूळ भरली, काष्टा घट्ट खोचला आणि चढले. पुढचे कित्येक महिने असंच चाललं. नाव माझीच होती, मी ती स्वतः विकत घेतली होती, तरीही.

माझा जन्म साताऱ्यातला. किल्ल्याच्या उतारावर आमचं घर. पाणी म्हणजे आम्हाला हौदातलं, नाहीतर आडातलं. आडात वाकून बघायची मला फार हौस. पण आई मागून वेणी धरून ठेवायची आणि म्हणायची, "खाली बसलाय ना, तो ओढून नेतो." खाली मला माझंच तोंड दिसायचं. पण ते हलायचं, आणि मी किंचाळून मागे सरायचे. पाण्याची भीती माझ्यात तेव्हापासूनची.

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. थोरल्या भावाने नातेवाइकांची बोलणी खाऊन मला पुण्याला सुईणपणाच्या शिक्षणाला धाडलं. ते संपलं तेव्हा तिकडे विलायतेत दुसरी लढाई पेटली होती. माझी नेमणूक झाली ती सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावातल्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कंपाउंडर, आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. बाळंतपणं सगळी माझ्या हातात.

त्या गावापाशी कृष्णा मोठा वळसा घेते आणि बरंच अंतर उलटी, मावळतीकडे वाहते. वळणाच्या वरच्या अंगाला मळ्यातल्या वस्त्या होत्या. तिथल्या बायकाही माझ्याच वाट्याला आलेल्या. पण जायचं कसं? काळ्या रानातून गाडीवाट होती. पाऊस पडला की चाकं तुंब्यापर्यंत रुतायची. ठेकेदाराची नाव होती, पण ती फक्त अल्याडची माणसं पल्याड करायची. नदीने वर जायचं नाव घ्यायची नाही.

एका श्रावणात वरच्या वस्तीवरून बोलावणं आलं. बैलगाडीने निघाले. वाटेत दोनदा गाडी रुतली, ओझी उतरवून चाकं उपसावी लागली. पोचले तेव्हा दारात बायका बसल्या होत्या आणि मला बघून कुणीही उठलं नाही. त्यातली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आता घाई न्हाई बाई. बस. पानी पी." आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. त्याची आई पहाटेच गेली होती.

परत येताना गाडीत मी नदीकडे बघत होते. वाट जिथे जिथे काठाजवळ यायची तिथे तिथे ती दिसायची, रुंद, मोकळी, थेट वस्तीपर्यंत गेलेली. त्या हिवाळ्यात पेटीत पडून असलेल्या माझ्या पाटल्या मी मोडल्या आणि सांगलीच्या घाटावर एका म्हाताऱ्या कोळ्याची छोटी सागवानी नाव घेतली. कोळ्याने विचारलं, "कोन चालवनार?" मी म्हटलं, "मी." तो हसला नाही. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि मान फिरवली. ते बघून मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसले आहे.

नाव गावात आली त्या दिवशी घाटावर माणसं जमली. एक वयस्कर गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "सरळ बाळंतपणं करावीत. हे सोंग कशाला?" ठेकेदार येऊन बजावून गेला की उतारू घ्यायचे नाहीत. मी कबूल केलं. मला कुणालाच घ्यायचं नव्हतं. मलाच आत बसायचं धैर्य नव्हतं.

आणि वल्ह्याने वर जाणं मला जमणारच नव्हतं. पहिल्या प्रयत्नात मी घाटापासून थोडी वर गेले, हात भरून आले, थांबले, आणि पाण्याने मला अलगद घाटाच्याही खाली आणून सोडलं. तेव्हा काठावरून कुणीतरी हाक मारली.

"वल्ह्यानं न्हाई जमायचं, बाई! दंड पायजे त्याला. शीड लावा शीड!"

ते हवालदार होते. गावाच्या कडेला, दरडीवर त्यांचं घर आणि खाली गाळपेराची जमीन. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला होते आणि तिथल्या नदीवर पलटणीच्या शिडाच्या नावा हाकायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, मिशा पांढऱ्या. मी नाव बांधून त्यांच्या अंगणात गेले.

"हितं नदी मावळतीकडं व्हातीया," ते म्हणाले. "आन वारा मावळतीकडनंच येतुया. वारा तुमाला वर न्हील, पानी खाली आनंल. आमी तिकडं त्येच करत हुतो."

"मला शिकवाल?"

"शिकवीन की. पर काठावरनं. नावंत बसनार न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई," असं म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले.

त्यांची बायको जात्यापाशी बसली होती. मी तिला मावशी म्हणायची. तिने पीठ भरता भरता आवाज न चढवता सांगितलं, "त्यास्नी इचारू नगा. लढाईवरनं आल्यापास्नं घोट्याच्या वर पान्यात पाय घातल्याला न्हाई त्येंनी. आंगूळबी दारात, तांब्यानं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "पवता येतंय का?"

"नाही."

"मग आदी पवायला शिका. मरायला मागनं जावा."

ती नदीकाठचीच लेक. उजाडायच्या वेळी बायकांच्या घाटावर तिने पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा माझ्या पाठीला बांधला आणि मला पाण्यात नेलं. गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मी तिला अशी मिठी मारली की ती स्वतःच खाली जाऊ लागली. तिने माझ्या कानाखाली एक वाजवली. आयुष्यात मला एवढ्या जोरात कुणी मारलं नव्हतं. माझी मिठी सुटली. "आता पाय हालवा," ती म्हणाली. मी पाय हलवले. पायाखाली काही नव्हतं. त्या काही नसण्याची भीती मी शब्दांत सांगू शकत नाही. पण उन्हाळा लागेपर्यंत मी बिंड्याशिवाय काठाकाठाने पोहू लागले होते.

शीड आम्ही दोघींनी शिवलं. लढाईमुळे कापड रेशनवर, नवं जाडं कापड मिळणं शक्यच नव्हतं. हवालदारांनी माळ्यावरून पलटणीची जुनी राहुटी काढून दिली. ती दाभणाने शिवताना आमच्या बोटांना भोकं पडली. मजबूत कळकाची डोलकाठी उभी राहिली. शिडाला दोन दोऱ्या. एक शीड वर चढवायची आणि उतरवायची. दुसरी शिडाच्या खालच्या टोकाला, ती चालवणाऱ्याच्या हातात. एका हातात ती दोरी, दुसऱ्या हातात मागचं सुकाणू.

"ही हातातली दोरी," हवालदार काठावर उकिडवे बसून म्हणाले, "कवा बांधायची न्हाई. हात तुटला तरी बांधायची न्हाई. वारा जास्ती झाला की सोडायची. सोडली की शीड फडफडतंय, नाव ऱ्हातीय. बांधली की नाव जातीय. समजलं का?"

मी म्हटलं, समजलं.

शिकवणी रोज दुपारच्या वाऱ्याला. ते दरडीवर उभे राहत आणि ओरडत. पलटणीतली हिंदी त्यांच्या तोंडात तशीच राहिली होती. "ढील दो! ढील! आता खिंचो!" मला त्यातलं निम्मं ऐकू यायचं नाही. शिडात वारा भरला की नाव एकदम जिवंत झाल्यासारखी पुढे उसळायची आणि फळ्या करकरायच्या. नदीच्या मध्यावर एक खडक होता, त्यापलीकडे वाळूवर मगरी ऊन खात पडलेल्या असत, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवायची आणि फक्त त्यांच्याकडेच बघायची. धुणं धुणाऱ्या बायका सुरुवातीला हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण परत येऊन घाटाच्या पायरीवर बसले की मला उठता यायचं नाही. त्यातली एखादी येऊन माझी नाव बांधायची.

महिन्याभरात मी वळणापर्यंत जाऊन यायला लागले. भीती कमी झाली होती असं नाही, पण हातांना काय करायचं ते कळायला लागलं होतं. मग एके दिवशी मी ती दोरी बांधली. तळहाताला फोड आले होते, रक्त निघत होतं. वारा मंद होता. दोरी कडेच्या खुंटीला गुंडाळली आणि फोडावर फुंकर घातली. एवढ्यातच वारा आला. शीड भरलं, नाव आडवी होत गेली आणि पाणी माझ्या मांडीवर आलं. मी खुंटीकडे हात नेला, पण दोरी ताठ झाली होती, सुटेना. दुसऱ्या क्षणी मी पाण्याखाली होते.

डोळ्यांपुढे हिरवट काळोख. लुगडं पायात गुरफटलं होतं. मला वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मी ओरडले आणि तोंडात पाणी गेलं. मग मावशीचा हात कानाखाली बसावा तसं काहीतरी आठवलं आणि मी पाय हलवले. वर आले ते उपड्या नावेच्या शेजारीच. तिला धरून राहिले. ठेकेदाराच्या नावेने येऊन मला काढलं.

काठावर हवालदार नव्हते. ते दरडीच्या मागे, बाभळीखाली बसले होते, डोकं गुडघ्यांत घालून. मी ओल्या अंगाने त्यांच्यापुढे उभी राहिले. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. उठून घरी गेले आणि पुढे बरेच दिवस काठावर आलेच नाहीत.

त्या दिवसांत मी काठावरच्या आवाजाशिवाय नाव काढायला लागले. दुसरा उपाय नव्हता. वस्तीवर एक बाई अवघडलेली होती, तिला बघून यायचं होतं. सकाळी ओकायची, बॅग तेलकापडात गुंडाळायची आणि निघायची. दोरी हातात. फोडांवर चिंध्या. त्या बाईचं बाळंतपण सुखरूप झालं. मग आणखी एकीचं. लोक काठावरून ओरडून सांगायला लागले, "नर्सबाई, येताना आमच्याकडं बी!" मला त्यांना हात करून दाखवता यायचा नाही, कारण एकही हात मोकळा नसायचा. त्यांना वाटायचं, बाई फार कडक आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, वैशाख लागला होता तेव्हाची गोष्ट. हवालदारांची एकुलती लेक वरच्या अंगाच्या वस्तीवर दिलेली. पहिलटकरीण. त्याच आठवड्यात तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. पण जेवणवेळेला तिच्या सासरचा गडी धापा टाकत दवाखान्यात आला. दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या होत्या आणि पाय दिसतो आहे, असं तिथली सुईण म्हणत होती.

मी बॅग उचलून घाटावर पळाले. गड्याने वाटेत हवालदारांच्या घरी सांगितलं होतं; मावशी आधीच तिथे होती, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. ती काही न विचारता नावेत चढून बसली. मी डोलकाठीची दोरी ओढायला घेतली तेवढ्यात हवालदार पायऱ्या उतरून आले. शेवटच्या पायरीवर थांबले. पाणी त्यांच्या वहाणांना लागत होतं.

"आवं, तुमी गाडीनं या," मावशी म्हणाली.

"गाडी रातच्याला पोचंल," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले आणि माणूस उंचावरून उडी टाकतो तसा पाय नावेत टाकला. नाव हलली. ते मधल्या फळीवर बसले आणि दोन्ही हातांनी कडा धरली.

वारा चांगला होता. आम्ही भराभर वर निघालो. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, देवाचं नाव असावं. वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग मला वाऱ्याचा वास बदललेला जाणवला. मातीचा, गारव्याचा. वळून बघितलं तर दक्षिणेकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं आणि त्याखाली धुळीची एक भिंत उसाच्या शेतांवरून आमच्याकडे येत होती.

ऊस आधी आडवा झालेला दिसला. मग आमच्यापर्यंतचं पाणी खडबडीत झालं. नाव पहिल्यांदा डुचमळली तेव्हा हवालदारांचा हात कडेवरून सुटला. आधाराला त्यांनी जे सापडलं ते धरलं. ती माझ्या हातातली दोरी होती. त्यांनी तिचा मनगटाला वेढा दिला आणि मूठ आवळली.

"हवालदार, दोरी सोडा!"

ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते.

"सोडा! ढील दो! ढील!"

त्यांचेच शब्द. काही उपयोग नाही. वारा आडवा येऊन आदळला. नाव कलली. पाणी कडेच्या फळीवर चढून आत शिरलं. मला दिसत होतं ते एवढंच, त्यांची पांढरी पडलेली बोटं, आणि मनगटाभोवतीचा तो वेढा. मला वाटलं, हे असंच होणार, आम्ही तिघं जाणार आणि तिकडे ती चौथी, पाचवं तिच्या पोटात. एवढा विचार करायला वेळ कसा मिळाला, कुणास ठाऊक.

मावशी सरकत पुढे गेली. तिने नवऱ्याच्या कानाखाली मारली नाही. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी घरात बोलावं तशी म्हणाली, "आवं, हिकडं बगा. मी हाय न्हवं. सोडा ती. सोडा बगू."

त्यांची मूठ उघडली. मावशीने वेढा काढला. शीड मोकळं होऊन फाडफाड वाजायला लागलं, नाव सरळ झाली. मी शीड चढवायची दोरी सोडली आणि राहुटीचं ते अख्खं कापड आमच्या तिघांच्या अंगावर कोसळलं. त्याखालून हाताने चाचपडत मी सुकाणू धरलं. कुठे जातोय ते दिसत नव्हतं. मग बुडाला घासल्याचा आवाज झाला आणि नाव थांबली. आम्ही गाळाच्या एका पट्टीवर चढलो होतो.

गारा पडायला लागल्या. कापडावर खडे मारल्यासारखा आवाज. आम्ही तिघं त्याखाली, घोटाभर पाण्यात, एकमेकांना चिकटून बसलो. मला हुडहुडी भरली होती. आणि मगरी इथेच कुठेतरी असतात हेही मला आठवलं. कापडाच्या बाहेर काहीही सळसळलं की मी पाय वर ओढून घ्यायचे.

हवालदार बोलले. आवाज खाली, जसं काही हिशेबाचं सांगताहेत.

"तवा नावंत जखमी हुते, बाई. झोपायच्या फळ्यास्नी बांधल्यालं. पट्ट्यानं. पडू नयेत म्हनून आमीच बांधलं हुतं. नाव कलंडली. आमी पवलो." थोडं थांबून म्हणाले, "आमाला पवता येत हुतं."

मावशीने हे पूर्वी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती फक्त त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गारा थांबल्या. वारा पार मेला. आता शिडाचा उपयोग नव्हता, आणि पट्टीपासून दरड जवळ होती. मी बॅग डोक्यावर घेतली. गाळात मांडीपर्यंत रुतत आम्ही काठाला लागलो. हवालदार सगळ्यात पुढे होते. पाण्यातून जाताना त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही, नजर सरळ समोरच्या झाडावर. पुढे वस्तीपर्यंत ते जवळजवळ धावले.

आत खोलीत बायकांनी दार-खिडकी लावून घेतली होती. विजा कडाडताहेत आणि मूल पायाळू, म्हणून त्या हादरून गेल्या होत्या. पायाळूवर वीज पडते, असं तिकडे मानतात. मी दिवा जवळ घ्यायला लावला, हात धुतले. माझे हात तेव्हा शांत झाले. हे मी नेहमी बघत आले: बाईच्या उशाशी बसले की माझी भीती कुठे जायची ते मला कळत नाही. नावेत ती परत यायची. दिवस मावळता मावळता मुलगा झाला. पाय आले, धड आलं, मग डोकं अडकलं, ते सोडवताना माझ्या कपाळावरचा घाम त्या पोरीच्या पोटावर गळत होता. बाहेर आल्यावर तो निळा होता आणि रडला नाही. मी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडातलं काढलं, फुंकर मारली. मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिचा ओठ दातांत होता. मग त्याने एक शिंक दिली आणि टाहो फोडला.

मी बाहेर येऊन ओसरीवर बसले. हवालदार अंगणात उभे होते. मी सांगितलं, "दोघं बरी आहेत." त्यांनी मान डोलवली, चुलीपाशी बसलेल्या बाईकडून चहा घेतला आणि कप माझ्यापुढे धरला. कप बशीवर खडखडत होता. आम्ही दोघंही हसलो, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मावशी लेकीजवळ राहिली. हवालदार परत जायला निघाले, पण नावेने नाही. गाडीवाटेने, पायी. मी म्हटलं, "चिखल आहे. दिवस जाईल."

"जाऊ द्या की," ते म्हणाले. "आता काय घाई न्हाई."

मी एकटी खाली आले, शीड गुंडाळून, पाण्याच्या धारेने. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. निघायच्या आधी नेहमीप्रमाणे काठावर ओकले.

लोक पुढे विचारायचे, भीती गेली का? गेली नाही. तिथे मी जेवढी वर्षं होते तेवढी वर्षं ती माझ्याबरोबर नावेत बसून आली. एका पुरात नाव दोर तोडून गेली आणि दोन गावं खाली सापडली, तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं. मी ती परत आणली, डांबर लावलं आणि पुन्हा पाण्यात घातली. हवालदार पुन्हा कधी नावेत बसले नाहीत. पण त्यांचा नातू आजोळी यायचा तेव्हा ते त्याला काठावर घेऊन यायचे, आणि एकदा मी बघितलं, ते दोघं पायरीवर बसले होते आणि पोराचे पाय पाण्यात होते, त्यांचे पायरीवर, सुके.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, आणि माझी बदली फलटणच्या बाजूला झाली. तिकडे कालवे होते, नदी नव्हती. नाव मी सांगलीच्या एका वाळूवाल्याला विकली. तो दोन माणसं घेऊन आला. त्याने चारी बाजूंनी ठोकून बघितली, बूड तपासलं, आणि पहिलं काम म्हणून डोलकाठी उपटून घाटावर टाकली.

"शीड नको?" मी विचारलं.

"वाळूला कशाला शीड?" तो म्हणाला. "आमी बांबूनं रेटतो."

राहुटीच्या कापडाची घडी मी मावशीकडे दिली. तिने ती जोंधळ्याच्या कणगीवर झाकायला घेतली. मग माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढली आणि मी खिडकीशी बसले. मोटार पुलावर आली तेव्हा सगळे उतारू नदीकडे बघायला वळले. मीही बघितलं, दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरून.